किती आले, यापेक्षा किती परत आले

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम आकाराच्या एका शहरात नगरपालिकेचं जुनं कलादालन आहे. येणारी माणसं मोजकी, संग्रहातली बरीच चित्रं वर्षानुवर्षं कोठारात, आणि आता ती जागा बहुउद्देशीय सभागृहाला द्यावी असा प्रस्ताव पुढे आला आहे. तिथल्या एक शिक्षिका विचारतात, ‘जगभरातली संग्रहालयं आता फोनवर बघता येतात. मग आमचं हे छोटं दालन गावाच्या सांस्कृतिक आयुष्यात नेमकं काय करतं? ते टिकावं म्हणून बोलायचं, तर कशाच्या जोरावर बोलायचं?’

प्रादेशिक कलादालनांत मी आधी संग्रहाचं आणि नंतर शैक्षणिक उपक्रमांचं काम बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे उत्तर जरा आतल्या बाजूने देतो.

पहिली गोष्ट, गर्दीच्या आकड्यावर ही लढाई लढू नका. हराल. सभागृहात एका कार्यक्रमाला जेवढी माणसं जमतात, तेवढी कलादालनात महिनाभरातही येत नाहीत, आणि प्रस्ताव मांडणाऱ्यांना हे तुमच्याआधी ठाऊक असतं. तुमची बाजू दुसरीकडे भक्कम आहे.

मोठं राष्ट्रीय संग्रहालय माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा बघतो. वेळ कमी असतो, पाय दुखत असतात, प्रसिद्ध चित्रासमोर फोन उंच धरून फोटो काढायचा आणि पुढे सरकायचं. जवळच्या दालनाचं तसं नसतं. तिथे कुणी पाऊस आला म्हणून शिरतं, कुणी बस यायला अवकाश आहे म्हणून. शाळेच्या वर्गाबरोबर पाहिलेलं चित्र कॉलेजात असताना पुन्हा दिसतं, आणि आणखी वीस वर्षांनी स्वतःच्या मुलीला दाखवताना पुन्हा. चित्र तेच, पण दर वेळी त्यातलं काहीतरी नवीन नजरेला पडतं. बघायची सवय अशीच लागते. फोनवर ती लागत नाही, कारण तिथे पुढचं चित्र बोटाखालीच असतं, थांबायचं कारणच नसतं. म्हणून माझ्या लेखी प्रादेशिक कलादालनाचं माप एकच: परत येणारी माणसं. संग्रह, प्रदर्शनं, कार्यशाळा, दाराची वेळ, हे सगळं त्या एका गोष्टीला उपयोगी पडतं की नाही, एवढंच मी बघतो.

हे जपानमधल्या कानाझावा शहराने फार नेमकं ओळखलं. तिथलं एकविसाव्या शतकाचं समकालीन कला संग्रहालय 2004 मध्ये उघडलं. काझुयो सेजिमा आणि र्‍यूए निशिझावा या वास्तुरचनाकारांनी ते काचेचं आणि गोल बांधलं. त्याला पुढची आणि मागची बाजू नाही, दारं सगळीकडून आहेत आणि बाहेरच्या वर्तुळातला बराचसा भाग विनातिकीट आहे. इमारतीचं कौतुक जगभर झालं. मला मात्र त्यांचा एक कागदाचा तुकडा जास्त आवडतो. शाळेमार्फत आलेल्या मुलांना जाताना ‘आणखी एकदा’ असं तिकीट दिलं गेलं. त्या तिकिटावर मूल पुन्हा येऊ शकत होतं, आणि मूल काही एकटं येत नाही. ‘आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा’ म्हणून आयुष्यभर कलादालनाच्या दाराशी न फिरकलेल्या मोठ्या माणसाला आत आणायचा याहून स्वस्त उपाय मी तरी पाहिलेला नाही.

शाळेचा विषय निघालाच आहे तर तो जरा जवळून सांगतो, कारण तुम्ही शिक्षिका आहात आणि प्रशासनापुढे बोलताना हाच भाग तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

नेहमीची पद्धत अशी: वर्ग रांगेने येतो, माहिती देणारा माणूस प्रत्येक चित्रापाशी चित्रकाराचं नाव, साल आणि शैली सांगतो, अर्ध्या तासात सगळ्या भिंती संपतात. घरी गेल्यावर मुलांना आठवतं ते पिण्याच्या पाण्याचं यंत्र. दुसरी एक पद्धत आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसेन यांनी ती आकाराला आणली. एका वेळी एकच चित्र. मुलं जमिनीवर बसतात. मिनिटभर कुणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. मग तीन प्रश्न: या चित्रात काय चाललंय? असं कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? एवढेच. तेच तीन प्रश्न फिरून फिरून विचारायचे.

नदीकाठच्या एका साध्या निसर्गचित्रासमोर सहावीचा वर्ग असा बसला होता. एक मुलगा म्हणाला, ‘सकाळ आहे.’ कशावरून? ‘सावल्या लांब आहेत.’ मागून आवाज आला, ‘सावल्या संध्याकाळीपण लांबच असतात.’ वर्ग दोन तटांत विभागला. मग तोवर गप्प बसलेली एक मुलगी म्हणाली, ‘त्या बाईने घागर आडवी धरलीय. म्हणजे ती रिकामी आहे. म्हणजे ती पाण्याला चाललीय, परत येत नाहीये.’ ती घागर मी कित्येकदा पाहिली होती, ती आडवी आहे हे काही डोक्यात आलं नव्हतं. तरी वाद मिटला नाहीच, कारण पाणी संध्याकाळीही आणतात. अर्धा तास एका चित्रावर गेला आणि चित्रकाराचं नाव मुलांनी आपणहून विचारलं. वर्गात एरवी तोंड न उघडणारी मुलं अशा वेळी बोलतात, हा माझ्या कामातला सगळ्यात नेमाने येणारा अनुभव. इथे पाठ केलेलं उत्तर कुणाकडेच नसतं आणि म्हणणं मांडायचं तर समोरच्या चित्रातला पुरावा दाखवावा लागतो. मूळ चित्र समोर असलं की रंगाचा थर, ब्रशचा फटकारा, खरा आकार हे सगळं त्या पुराव्यात येतं.

आता कोठाराकडे वळू. ‘निम्मी चित्रं पडून आहेत’ हा आरोप तुमच्यावर होणारच. जगातल्या बहुतेक संग्रहालयांचा थोडाच भाग एका वेळी भिंतीवर असतो, आणि त्यामागे आळस नसतो. कागदावरचा जलरंग साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेडात ठेवत नाहीत आणि तीन-चार महिने लावला की पुढे बराच काळ त्याला अंधारात विश्रांती देतात. तैलरंगाला 200 लक्सच्या आसपास उजेड चालतो. रंग उडणं हे साचत जाणारं नुकसान आहे, ते मागे फिरवता येत नाही. आर्द्रता वरखाली होत राहिली की कॅनव्हास ताणतो, सैल पडतो आणि रंगाला तडे जातात. म्हणजे कोठार हा संग्रहाचा कामाचाच भाग आहे. अर्थात, कोठारातलं काही कधीच बाहेर येत नसेल, तर आरोप खरा आहे आणि तो मान्य करावा. दर तीन-चार महिन्यांनी एक भिंत बदलली तरी नेहमी येणाऱ्याला नवीन काहीतरी मिळतं.

संग्रह म्हणजे काय, हे मला ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या झेंड्यावरून सांगायला आवडतं. बॅलरॅट हे सोन्याच्या खाणींचं गाव. 1854 मध्ये तिथल्या खाणकामगारांनी परवाना-शुल्काविरुद्ध उठाव केला. निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि तारे असा झेंडा त्यांनी उभारला होता. सरकारी फौजेने उठाव मोडला, जॉन किंग नावाच्या शिपायाने झेंडा खाली ओढला आणि तो त्याच्या घरी राहिला. 1895 मध्ये त्याच्या विधवेने तो बॅलरॅटच्या कलादालनाला उसना दिला. हे दालन 1884 मध्ये सुरू झालेलं, त्या देशातलं सगळ्यात जुनं प्रादेशिक कलादालन. पुढची कित्येक दशकं त्या कापडाची कुणाला फारशी किंमत नव्हती. पाहुण्यांना आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून दिले जात, यावरूनच काय ते समजा. मग हळूहळू वारं फिरलं. 1973 मध्ये उरलेलं कापड नीट शिवून, आधार देऊन प्रदर्शित केलं, तेव्हा अनावरणाला देशाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम आले. 2001 मध्ये किंग कुटुंबाने झेंडा दालनाला कायमचा दिला. आज लोकशाहीच्या इतिहासाबद्दल बोलताना ऑस्ट्रेलियात त्या झेंड्याचा उल्लेख टाळता येत नाही.

त्या दालनाने सुरुवातीला झेंड्याची काळजी घेतली असं कुणी म्हणणार नाही. पण तो टाकला नाही. कोणती वस्तू पुढे मोलाची ठरेल हे त्या त्या पिढीला कळतंच असं नाही, आणि घरं तर बदलत राहतात, वाटण्या होतात, माळे रिकामे केले जातात. अशा वेळी ‘हे द्यायचं कुणाला?’ या प्रश्नाला गावात उत्तर असावं लागतं. राष्ट्रीय संग्रहालय एखाद्या गावच्या फलक रंगवणाऱ्या कलावंताची स्केचबुकं घेणार नाही. तुमचं दालन घेऊ शकतं.

पण प्रादेशिक म्हणजे फक्त गावचंच, असा अर्थ लावू नका. औंध हे सातारा भागातलं छोटं संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी 1938 मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्पही आहे. खेड्यातल्या माणसाने हेन्री मूर बघायला महानगरातच जावं, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती असं मी त्यावरून समजतो. लंडनच्या गरीब ईस्ट एंडमध्ये पाद्री सॅम्युएल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी हेच केलं. 1881 पासून ते शाळेच्या खोल्यांत उसनी आणलेली चित्रं मांडत, आणि रविवारीही उघडं ठेवत, कारण कामगाराला सुट्टी तेव्हाच. धर्माभिमान्यांनी त्यावरून बरीच ओरड केली. त्यातून 1901 मध्ये व्हाइटचॅपल गॅलरी उभी राहिली. 1939 मध्ये पिकासोचं ‘गेर्निका’ हे स्पेनच्या यादवी युद्धातल्या बॉम्बहल्ल्यावरचं चित्र तिथे आलं, तेव्हा स्पेनमधल्या लढवय्यांसाठी बघायला येणाऱ्यांकडून बूट मागितले होते आणि चित्राच्या पायाशी बुटांची रांग लागली. तुमच्या दालनाची वेळ सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच आणि रविवारी बंद अशी असेल, तर माणसं येत नाहीत ही तक्रार करायच्या आधी ती वेळ बदला.

स्थानिक कलावंतांचा मुद्दा नाजूक आहे, तरी बोलतो. गावातल्या प्रत्येक चित्रकाराला वाटतं, भिंत आपल्याला मिळावी. त्यात गैर काही नाही. पण वर्षभर भिंती भाड्याने दिल्या की कलादालनाचं भाड्याचं सभागृह होतं: उद्घाटन, हारतुरे, नातेवाईक, फोटो आणि दुसऱ्या दिवसापासून शुकशुकाट. वर्षातून एक खुलं प्रदर्शन जरूर भरवावं, निवड समितीत बाहेरगावची माणसं असावीत आणि नकार कळवताना दोन ओळींचं कारण द्यावं. उरलेला वेळ संग्रहाला आणि बाहेरून आणलेल्या कामाला द्यावा. तरुण चित्रकाराला स्वतःचं चित्र टांगायला मिळण्याइतकंच चांगलं चित्र वारंवार बघायला मिळणं गरजेचं असतं, आणि हे त्याला बहुधा कुणी सांगत नाही.

बाहेरचं काम आणायचं तर उसनवारी आली. देणारी संस्था आधी तुमच्या इमारतीची परीक्षा घेते: उजेड किती, आर्द्रता किती आणि किती स्थिर, रात्रीचा पहारा कसा, आग विझवायची सोय काय, विमा कोण भरणार. म्हणून वातानुकूलन आणि नोंदी ही चैन म्हणून उडवून लावू देऊ नका, त्याच तुमच्या प्रवेशपत्रिका आहेत. देणारेही हल्ली मोकळे झाले आहेत. लंडनच्या नॅशनल गॅलरीने 2019 मध्ये सतराव्या शतकातली इटालियन चित्रकार आर्तेमिसिया जेंतिलेस्की हिचं एक आत्मचित्र दवाखान्यात, मुलींच्या शाळेत आणि महिलांच्या तुरुंगात नेऊन दाखवलं.

आरोग्याचा मुद्दा कुणीतरी काढेलच. 2019 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. पन्नाशीपुढच्या हजारो माणसांकडे सुमारे 14 वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा संग्रहालयं, कलादालनं, नाटकं यांना दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 31 टक्के कमी दिसला. हा आकडा फार चमकवू नका. तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी चित्रांसमोरच्या गप्पांची सत्रं ठेवा, त्याचा फायदा घरच्या माणसाच्या चेहऱ्यावरच दिसतो, त्याला टक्केवारी लागत नाही.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. दालन वाचवायच्या भरात कुणीतरी म्हणेल, मग भव्य नवीन इमारतच बांधू. 1997 मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओला गुगेनहाइम हे भव्य कलासंग्रहालय उघडल्यापासून ही साथ जगभर पसरली आहे. इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमिचला ‘द पब्लिक’ नावाचं कलाकेंद्र सुमारे 7 कोटी पौंड खर्चून 2008 मध्ये उघडलं. इमारत लक्षवेधी, आतली तंत्रज्ञानाची जादू पहिल्या दिवशी चाललीच नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेला संग्रह गाठीला नव्हता. चालवायचा खर्च झेपेना, 2013 मध्ये बंद झालं, आज तिथे कॉलेज भरतं. तिथून काही मैलांवर वॉल्सॉल आहे. तिथल्या दालनाचा गाभा म्हणजे शिल्पकार जेकब एपस्टाइनची पत्नी कॅथलीन गारमन हिने 1973 मध्ये गावाला दिलेला 365 कलाकृतींचा संग्रह. ती मूळची त्याच भागातली. त्या संग्रहासाठी 2000 मध्ये नवीन इमारत झाली. 2016 मध्ये तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खर्चकपातीत तिच्यावरही गदा आली होती, पण ती टिकली. दोन्ही गावं तितकीच अडचणीत होती. फरक माझ्या मते एवढाच की, वॉल्सॉलमध्ये बंद करायचं म्हटल्यावर ‘मग संग्रहातल्या व्हॅन गॉगचं काय करणार?’ असा प्रश्न उभा राहतो.

दुसरी गोष्ट विक्रीची. दुरुस्तीला पैसा हवा, तर एखादी मौल्यवान वस्तू विका, असं सुचवणारा हुशार माणूस प्रत्येक समितीत असतो. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनच्या कौन्सिलने 2014 मध्ये चार हजारांहून अधिक वर्षं जुना सेखेमकाचा इजिप्शियन पुतळा लिलावात विकला. 1 कोटी 57 लाख 60 हजार पौंड आले, पण त्यातला बराच हिस्सा मूळ देणगीदाराच्या वारसाकडे गेला. कलासंस्थांना अनुदान देणाऱ्या आर्ट्स कौन्सिलने त्यांच्या संग्रहालयांची मान्यता काढून घेतली आणि मान्यता गेली की अनुदानाच्या, उसनवारीच्या वाटा आक्रसतात. त्याहून मोठं नुकसान हिशेबात दिसत नाही: आजोबांची चित्रं दालनाला द्यावीत की नाही या विचारात असलेली माणसं ती देत नाहीत. कुणाला जाबही विचारता येत नाही, कारण काय आलं नाही याची कुठेच नोंद नसते.

म्हणून बैठकीला जाण्याआधी एक काम करा. भाषण नंतर लिहा, आधी संग्रहाची नोंदवही मागा. कोणती कलाकृती, कुणाकडून, कधी, देणगी की उसनी, आणि देताना काही अट होती का, हे तीत असायला हवं. जुन्या देणगीपत्रांत ‘लोकांना पाहण्यासाठी कायम खुली ठेवावी’ अशा अटी पुष्कळदा सापडतात, आणि इमारतीचा वापर बदलायच्या प्रस्तावाला ती मोठी कायदेशीर अडचण ठरू शकते. ती अट हातात घेऊन वकिलाला भेटा. नोंदवही नाहीच असं उत्तर आलं, तर दोन-चार निवृत्त शिक्षक आणि कला महाविद्यालयाची मुलं घेऊन ती बनवायची लेखी परवानगी मागा. प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो, सेंटिमीटरमध्ये माप, सही कुठे आहे, चौकटीच्या मागे चिकटवलेली चिठ्ठी काय म्हणते, आणि नुकसान कुठे आहे. मागची बाजू चुकवू नका. देणगीदाराचं नाव बहुतेक वेळा तिथेच मिळतं. मग त्या नावांची जी घरं गावात अजून आहेत, त्यांना बैठकीची तारीख कळवा.